लाटसाहेब, मास्तरीणबाई आणि अमडापूरचे परीक्षक

अमडापुरात टीव्ही नुकताच आला होता आणि आमच्या गल्लीतला एकुलता एक आमच्या घरी होता. त्यामुळे रविवारी संध्याकाळी घर आमचं राहायचंच नाही. हिंदीत बोलणारी एक विलायती मालिका लागायची. राणीच्या काळातलं लंडन, धुकं, घोडागाड्या, आणि एका हवेलीत मुलांना शिकवायला आलेली तरुण बाई. तिला भिंतीवरच्या चित्रांत शिरता यायचं. चित्रातल्या जंगलात फिरून ती परत आली की तिच्या बुटांना खरा चिखल असायचा. गल्लीनं तिला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली, हवेलीच्या मालकाला लाटसाहेब, आणि चुलीमागं राहणाऱ्या टोकदार कानांच्या जादूगार नोकराला बुटक्या.

बाबा चिखलीला कापूस खरेदीत ग्रेडर होते. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे ते पाहायचे नाहीत. कोपरापर्यंत आत हात घालायचे, पुंजका ओढून धागा पाहायचे आणि मगच प्रत ठरवायचे. मालिकेतल्या माणसांनाही त्यांनी हाच न्याय लावला. लाटसाहेब म्हणजे वरून एक नंबर, आतून कवडी, म्हणजे किडून पिवळा पडलेला माल. बुटक्या मात्र लांब धाग्याचा! शहरातल्या पेपरात नेमकं उलटं छापून आलं: लाटसाहेबाचं काम देखणं, बाई लाकडासारखी ताठ, बुटक्यावर तर विश्वासच बसत नाही. बाबांनी तो पेपर ओसरीवर मोठ्यानं वाचला आणि न दिसणाऱ्या त्या लेखकाशी तासभर भांडले. पुढच्याच रविवारी बुटक्यानं हवेलीच्या किल्ल्या चोरांच्या हाती दिल्या. आईनं बाबांकडे असं पाहिलं, की ते पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले.

मी तेव्हा चिखलीच्या कॉलेजात शिकत होते. शिक्षिका व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. अशात धामणगाव बढ्याहून स्थळ आलं. मुलगा नोकरीला, घर खाऊनपिऊन सुखी. आई हरखली. लग्न ठरलं तर माझ्या कॉलेजचं काय, हे मात्र कुणी बोलतच नव्हतं.

पाहुणे रविवारी यायचे होते. एसटीनं उशीर केला आणि ते नेमके मालिका सुरू होताना पोचले. आई सगळ्यांना उठवायला लागली, तर शेजारची मावशी म्हणाली, "आज लाटसाहेब तिले मागणी घालून राह्यला, अन् आजच काऊन उठवतं वं माय?" झालं, पाहुणेही गर्दीतच बसले, मांडीवर पोह्यांच्या बशा घेऊन. चित्राला मुंग्या आल्या तेव्हा तो मुलगा स्वतः छतावर चढला आणि अँटेना फिरवून आला. गल्लीला तो तिथंच आवडला. खरं सांगते, मलाही.

पडद्यावर लाटसाहेबानं गुडघा टेकला. राणीसारखी ठेवीन म्हणाला, अट एकच, पुन्हा चित्रात शिरायचं नाही. बायकांनी "अगं माय!" केलं. मुलगा हसत म्हणाला, "सोडून द्यायचं मंग, त्यात काय! एवढी हवेली भेटून राह्यली, अजून काय पायजे बाईले?"

सगळे हसले. तो काही वाईट मनानं बोलला नव्हता. मला मात्र त्याचा राग आला, चांगलाच राग आला.

पाहुणे पसंती कळवून गेले. गल्ली पांगली. बाबा खुर्चीत तसेच बसून होते.

"त्या पोराचं बोलणं तुले पटलं काय?" त्यांनी मला विचारलं.

स्थळाबद्दल मला विचारणारे घरात ते पहिलेच. मी कशीबशी म्हणाले, "नाही. मले कॉलेज सोडायचं नाही."

"पोरगा चांगला हाये."

"हाव. पण मले सोडायचं नाही."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग तिनंच मार्ग काढला: पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. आमच्याकडे नकार असाच द्यायचा असतो. समोरच्यालाही कळतं आणि कुणाची मान खाली जात नाही. त्यातून मुलीकडून नकार म्हणजे तर नवलच. चिठ्ठीनं काम भागलं असतं, पण बाबा स्वतः धामणगावला गेले.

दिवस मावळताना परतले. टोपी काढून खुंटीला लावत होते, तोच आईनं विचारलं, "पत्रिकेचंच सांगतलं ना?"

"नाही," बाबा म्हणाले. "पोरगी नाही म्हणते, असं सांगतलं."