मुलुंडच्या लॉजमधला सकाळचा चहा

मुलुंड स्टेशनजवळ आमचं लॉज होतं. जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ओळीने खोल्या आणि टोकाला आमचं बिऱ्हाड. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आपण हॉटेलच्या मालकीणबाई झालो! कडक इस्त्रीची साडी, ओठांना लाली, आणि तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन आलेल्या कोकणातल्या माणसाला म्हणायचे, "वेलकम सर!" तो मागे वळून बघायचा, सर कोण आलेत म्हणून. एका साठीच्या जोडप्याकडे तर मी लग्नाचा पुरावा मागितला. म्हातारीने मंगळसूत्र माझ्या नाकासमोर नाचवलं. "पळून यायचं असतं तर ह्याच्याबरोबर आले असते काय गो?"

सासूबाईंचा एक नियम होता. सकाळी प्रत्येक दारावर टकटक करायची आणि चहा हातात द्यायचा, मागितला नसला तरी. आमच्याकडे उतरणारे बहुतेक हॉस्पिटलात दाखवायला आलेले. रात्रीतून कोणाचं काय होईल, सांगता येत नसे. मी शहाणी मात्र त्याला भोचकपणा म्हणायचे. सासूबाई गेल्यावर तोच भोचकपणा मी जन्मभर केला.

संगमेश्वरकडचे एक निवृत्त मास्तर हृदय तपासायला यायचे ते आमच्याकडेच. दार किलकिलं करून ओरडायचे, "जिवंत आहे हो वहिनी! ठेवा तो काढा!"

मग समोरच्या टॉवरमधले फ्लॅट मोबाइलवरून रात्रीपुरते मिळायला लागले. एसी, गीझर, दाराला नंबर दाबून उघडायचं कुलूप. आमच्या खोल्या ओस पडल्या. मास्तरांच्या मुलाने पुण्यात बसून त्यांचंही बुकिंग तिथेच केलं. मास्तर खालूनच हाक मारून गेले, "वहिनी, पोराने थाट केलाय. सकाळी कोणी उठवणार नाही म्हणे!"

"मग झोपा कुंभकर्णासारखे," मी वरून म्हटलं.

ते त्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये पडले. हाका मारल्याही असतील. पण शेजारचे फ्लॅटही असेच भाड्याचे, त्या दिवशी रिकामे. दुसऱ्या दिवशी नवं गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून सफाईवाली आली, तेव्हा सापडले. श्वास चालू होता, वाचा गेली होती.

मुलगा आला तो थेट आमच्या जिन्यावर. "काकू, बाबा आयसीयूत आहेत. मला खोली द्या ना. आता तुमच्याकडेच राहतो."

पण महिन्यापूर्वीच आम्ही सगळ्या खोल्या समोरचे फ्लॅट भाड्याने देणाऱ्यालाच चालवायला दिल्या होत्या. दारांवर तीच नंबरची कुलपं बसली होती.

"आमच्यात झोप रे," म्हटलं. पण घरात सून नुकती बाळंतीण, पाय पसरायला जागा नाही. ते त्यालाही दिसलं. तो पायरीवरच बसला आणि मोबाइलवर शोधायला लागला. आमच्याकडची वडिलांची नेहमीची खोली सापडली. भिंतीला नवा रंग, पलंगावर पांढरे टॉवेल हंसासारखे दुमडलेले.

"हीच ना, काकू?"

"हीच."

त्याने बुक केली. कुलपाचा नंबर मोबाइलवर येईपर्यंत आम्ही दोघं त्या बंद दाराबाहेर उभे राहिलो.