घरमालकिणीचं गाणं

नाटक मंडळीत तिला सगळे कोरसबाई म्हणत. दिवसभर औषधांचं दुकान, संध्याकाळी तालीम; लग्नाआधीपासून ती मागच्याच रांगेत उभी राहून गात आली होती.

एका गाजलेल्या कादंबरीवर पूर्वी सिनेमा निघाला होता, आता त्यावरून संगीत नाटक बसत होतं. त्यातली घरमालकीण कोरसबाईच्या वाट्याला आली. सिनेमात भाडेकरू पोरगी घर सोडून जाते, तेव्हा ही बाई दारात नुसती उभी राहते. नाटकात तिला तिथे अख्खं गाणं होतं.

घरी सासूबाईंनी नाक मुरडलं. तो सिनेमा त्यांनी सासरे होते तेव्हा त्यांच्याबरोबर थेटरात पाहिलेला. "पोर चाललीय निघून, आणि ही गाते कसली?" तरी "आमच्या सुनेला गाणं आहे" हे सगळ्या जिन्याला सांगून झालंच.

रंगीत तालीम फार लांबली. दिग्दर्शक विंगेत आला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. दुसरा अंक रेंगाळतोय. तुमचं गाणं काढतोय."

"बरं," ती म्हणाली आणि मेकअपच्या खोलीत केसांतल्या पिना काढत बसली. घरी सांगायला तिचं तोंड उघडेना.

पहिला प्रयोग दुपारचा होता. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून पुढे बसल्या. घरमालकीण दारात आली, उभी राहिली, अंधार झाला. पुढचा प्रवेश सुरू.

परतताना बसमध्ये सासूबाईंनी विचारलं, "गाणं कुठं गेलं गं?"

"कापलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"काय बोलणार, आई? नाटक लांबत होतं."

"मला म्हणून दाखव."

"इथं? बसमध्ये?"

"मग? फुकट बसलोय का आपण?"

ती हलक्या आवाजात गायला लागली. पुढच्या सीटवरचा माणूस वळला आणि वळलेलाच राहिला. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी तिचा हात धरला. उतरायचा स्टॉप मागे गेला तरी दोघी उठल्या नाहीत.

"ह्यांनी ऐकायला हवं होतं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

गाणं काही नाटकात परत आलं नाही. पण पुढच्या नाटकासाठी नटांची निवड होती, तेव्हा कोरसबाई आपण होऊन पेटीवाल्यापाशी गेली. "मला एकटीला ऐका," म्हणाली. भूमिका लहानच मिळाली, गाणी दोन. एक तालमीत गेलं. दुसऱ्यासाठी ती दिग्दर्शकाशी चांगली कडाकडा भांडली, आणि ते राहिलं.