जनाभाऊंचा मेणाचा हात

जनाभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी गोरेगावच्या स्टुडिओत शिडीवर चढून दिवा बांधत होतो. खाली उतरलो आणि हाताला लागली ती खुर्ची भिंतीवर फेकून मारली. सगळे बघत राहिले. 

मारामारीच्या सिनेमांत तुटणारे हात, फुटणारी डोकी, कापलेले कान भाऊ मेणात घडवायचे. मूळचे मालवणचे, बोलणं शेवटपर्यंत गावचंच. मी लाइटमन, वयाने त्यांच्या निम्मा. प्लॅस्टरचा हात का चालत नाही, असं एकदा विचारलं. म्हणाले, "प्लॅस्टरावर उजेड आपटता नि मागे येता. म्हणान ता मढ्यासारखा दिसता. मेणात तो आत घुसता, हयथय फिरता, मगे भायर येता. कातडीचा पण तसाच." मग माझ्या बॅटरीवर त्यांनी स्वतःचा पंजा ठेवला. बोटांच्या कडा लालभडक झाल्या. मेणाचा हात ठेवला, तो पिवळा उजळला. "आत रगात नाय ना रे," भाऊ म्हणाले.

त्यावरूनच आमचा नियम झाला. लाकडी भिंतीच्या भोकातून बाहेर आलेला कैद्याचा हात कोयत्याने तोडायचा, असा प्रसंग होता. तालमीला भाऊ भिंतीमागून स्वतःचा डावा हात घालायचे, शॉटला त्याच हाताचा साचा काढून ओतलेला मेणाचा. पुढून दोन्ही सारखेच. म्हणून आधी मी खालून बॅटरी लावायची, पिवळा दिसला तरच "मेण" म्हणून ओरडायचं. त्या दिवशी दिग्दर्शक शिव्यांवर उतरला होता. शेवटची तालीम त्याने ऐनवेळी रद्द करून थेट शॉट लावला, ते भाऊंना मागे ऐकूच गेलं नाही. मी घाईत बॅटरी लावलीच नाही. "मेण," म्हणालो. कोयता बसला. तीन बोटं उडाली, आणि आतून किंकाळी आली तरी लोक टाळ्या वाजवत होते.

कोयतेवाल्याने माझी गचांडी धरली. "बॅटरी लावली होतीस ना रे?" मी मान हलवली... हो म्हणून. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो पुन्हा माझ्यावर धावून आला, तेव्हा भाऊच ओरडले, "सोड त्याका. ह्या खेपेक मेणात तांबडो रंग मीच घातलंय. बॅटरी लावल्यान असती तरी दोनय हात लालच दिसले असते. त्याका काय कळतला?"

माझी नोकरी वाचली. भाऊंची गेली. रंग त्यांनीच घातला होता म्हणजे दोष माझा एकट्याचा नाही, असं मी स्वतःला पटवलं आणि निर्लज्जासारखा मजेत जगलो.

परवा भाऊंच्या घरी वहिनींनी त्या दिवशी वापरायचा राहिलेला तोच मेणाचा हात फडक्यात बांधून दिला, पाचही बोटं शाबूत. "घेऊन जा रे. हय बघवत नाय." बोरिवलीला घरी आलो, दार लावलं आणि हाताखाली बॅटरी धरली.

बोटांपासून मनगटापर्यंत सगळा पिवळा.