सभासद मुक्कामास आहेत

नोकरीतल्या बऱ्याचशा केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला हे मला घरच्यांना विचारावं लागतं. ही एक मात्र जशीच्या तशी राहिली आहे. नावं कोणाचीच लिहीत नाही, कारण त्यातली बाई अजून सोलापुरातच राहते.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. गुरुवार होता, सकाळची हजेरी संपत आली होती. पस्तिशीच्या एक बाई आत आल्या आणि त्यांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. त्यांना मी ओळखत होतो. आठ महिन्यांपूर्वी त्यांचा नवरा बेपत्ता झाल्याची नोंद आमच्याच मिसिंग रजिस्टरला होती. ते टॉवेलच्या कारखान्याचे फिरते विक्रेते. गावोगावच्या हॉटेलांना माल दाखवायचा, ऑर्डर घ्यायची, हे त्यांचं काम. नागपूरला जातो म्हणून निघाले, तिथे पोहोचलेच नाहीत. फोन बंद. शेवटचं टॉवर लोकेशन सोलापूरच्याच बस स्थानकाचं. आम्ही नातेवाईक, कारखाना, दवाखाने, सगळं पाहिलं होतं.

मोबाईलवर एका हॉटेल कंपनीचा संदेश होता. 'पुन्हा आमच्याकडे मुक्काम केल्याबद्दल आभार. आपल्या खात्यात पॉइंट जमा झाले आहेत.' खाली नवऱ्याचं नाव, आणि हॉटेल सोलापूरचं, पुणे रस्त्यावरचं.

"कार्ड त्यांचं हाय, पण नंबर माजा दिलेला," बाई म्हणाल्या. "ह्यो तिसरा मेसेज. आधीचे दोन मी चुकून आले म्हणून सोडून दिले. साहेब, घर हितं असताना ते हॉटेलात कशाला राहतील?"

मलाही काही कळेना. घर सोडून गेलेला माणूस घरापासून चार मैलांवर खोली घेऊन राहतो, तेही स्वतःच्या नावावर?

हवालदाराला घेऊन मी हॉटेलवर गेलो. मॅनेजरने आम्हाला केबिनमध्ये बसवून कॉम्प्युटर उघडला. नेहमीच्या ग्राहकांसाठी त्यांची सभासद योजना होती. हे गृहस्थ त्यातले गोल्ड सभासद. दीड महिन्यात तीन मुक्काम, शेवटचा तीन आठवड्यांपूर्वीचा. मुक्काम झाल्यावर पॉइंट जमा व्हायला तेवढा वेळ लागतो, असं तो म्हणाला. कॅमेऱ्याचं चित्रण पंधराच दिवस राहत होतं, ते गेलेलं. पाहुण्यांच्या सह्यांचं जुनं रजिस्टर हिशेबनिसाच्या कपाटात, आणि तो सोमवारपर्यंत रजेवर. पण प्रत्येक मुक्कामापुढे सभासदाच्या आवडी छापल्या होत्या: दोन उशा, तळमजल्यावरची खोली, झोपताना थर्मासमध्ये गरम पाणी.

काउंटरवर कोणाला काही सांगू नका, अशी ताकीद देऊन मी निघालो. ठाण्यात बाई बाकावर बसून होत्या. मी त्यांना उशांचं आणि पाण्याचं विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "व्हय, तेच. एका उशीवर त्यांची मान दुखती."

तिथे माझी चूक झाली. मी म्हणालो, "ताई, ते हयात आहेत."

त्या दिवसापासून बाई रोज त्या हॉटेलच्या लॉबीत जाऊन बसू लागल्या. मी समजावून पाहिलं, ऐकलं नाही. काउंटरवरच्या रिसेप्शनिस्टला फक्त एवढंच म्हणायच्या, आमचं माणूस यायचं हाय. तो मैंदर्गीचा, तिशीतला, बोलायला नम्र. त्यांना रोज दोनदा चहा पाठवायचा.

सोमवारी रजिस्टर मिळालं. मी शेवटच्या मुक्कामाची तारीख आणि खोली पाहिली. तिथे भलतंच नाव होतं. पत्ता मोडनिंबचा, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा व्यापारी. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, फोटोतला माणूस वेगळाच. एका खोलीत एकाच वेळी दोन माणसं, एक कागदावर आणि एक कॉम्प्युटरवर. खोटं नाव घेऊन राहिले म्हणावं, तर चेहरा कसा बदलेल? मी त्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"व्हय, राहिलो होतो की," तो म्हणाला. "का, काय झालं?"

"तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"कोण न्हाय. एकटाच."

"दोन उशा मागितल्या होत्या का तुम्ही?"

"उशा? न्हाय बा. एकच हुती, ती बी कडक. पण साहेब, बुकिंग करताना एक भाडं सांगितलं आन् निघताना वर सुविधा शुल्क लावलं. कसली सुविधा, इचारलं तर म्हणला सगळ्यांनाच हाय. रोख घेतलं. त्याची तक्रार घेता का?"

मी त्याला बोलू दिलं. मग मॅनेजरकडून त्या मुक्कामाचं कॉम्प्युटरवरचं बिल काढून घेतलं. त्यात सुविधा शुल्क माफ होतं. गोल्ड सभासदाला ते माफच असतं. तिन्ही मुक्कामांना तेच, आणि तिन्ही वेळा काउंटरवर एकच माणूस.

रिसेप्शनिस्टला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवायची गरज नव्हती. मी रजिस्टर आणि बिल त्याच्यासमोर ठेवलं. ज्याला खरंच काही माहीत नसतं, तो कागद हातात घेऊन वाचतो. याने हात लावला नाही. तो म्हणाला, "सर, शुल्क मी ठेवून घ्यायचो. साध्या पाहुण्याच्या मुक्कामाला गोल्ड नंबर टाकला की कॉम्प्युटर ते मागत नाही."

"उशा, पाणी?"

"ते नंबरबरोबर आपोआप येतं."

"आणि याच माणसाचा नंबर का?"

"तेव्हा सहा महिने कुठल्याच शाखेत मुक्काम नव्हता, सर. म्हटलं, कार्ड वापरत नसतील. विचारायला कोणी येणार नाही."

"त्यांना कधी पाहिलंस?"

"कधीच नाही."

मी केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाई सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, नजर दाराकडे. त्यानेही पाहिलं. "त्या कोण, सर?" मी सांगितलं. तो खाली बसला आणि त्यानंतर जबाब संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

बाईंना मीच सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग ते कुटं हायत?" मी त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, वरिष्ठांनी तपासाची तारीफ केली. टॉवेलवाल्या गृहस्थांचा शोध मात्र लागला नाही. ते मिसिंग आजही तसंच प्रलंबित आहे.

त्यानंतर नव्या अधिकाऱ्यांना मी एक गोष्ट सांगत आलो. यंत्र माणसाच्या सवयी अचूक सांगेल, पण तो माणूस तिथे होता की नाही, हे सही आणि चेहरा पाहूनच ठरवा. आणि स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरच्यांना तोंडातून अक्षर काढू नका.

मी निवृत्त होण्याच्या आठवड्यात बाई नेहमीप्रमाणे चौकशीला आल्या. मी त्यांना म्हणालो, "ताई, तेव्हा मी तुम्हाला हयात आहेत असं सांगायला नको होतं. माफ करा."

त्या उठता उठता थांबल्या. "तसं म्हणू नका, साहेब. ते गेल्यापासून मला तेवढे चारच दिवस झोप लागली."