तोंड झाकून केलेली तक्रार

माझे यजमान गेले त्याला आता पाच महिने झाले. घरात एकटी असते म्हणून मी दाराच्या कडीला दचकते, असं शेजारच्यांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे, आणि ते यजमानांच्या आजारपणात सुरू झालं.

मंद्रूपच्या पुढच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मी आणि माझी एक सहकारी शिकवायचो. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, अक्कलकोटकडची, घरी कन्नड बोलणारी. कधी हाक मारली तरी वळायची नाही, कधी विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायची. तिचं मराठी कच्चं आहे, एवढंच आम्ही समजायचो. "मॅडमना कन्नडातून मराठीत यायला दोन मिनिटं लागतात," असं मुख्याध्यापक म्हणायचे, आणि आम्ही हसलो की तीही हसायची. कोरोनानंतर शाळा उघडली तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क. ती अगदीच गप्प झाली. आम्ही तिला शिष्ट ठरवलं.

पुढे यजमानांचं डायलिसिस सुरू झालं. शहरात सात रस्त्याजवळच्या आमच्या घरातून ते रिक्षाने एकटेच जायचे. परत आले की जिना चढवायचा नाही. माझी एसटी येईपर्यंत पहिल्या पायरीवर बसून राहायचे. शहरालगतच्या एका शाळेत जागा रिकामी झाली तेव्हा मी देव पाण्यात ठेवले. जागा तिला मिळाली. तिच्याकडे कानांचं दिव्यांग प्रमाणपत्र होतं, म्हणून बदलीत तिचा हक्क पहिला. आठ वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खाल्ला होता. हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या येत होत्या. संशय असेल तर कळवा, नाव गुप्त राहील, असं आवाहनही वाचलं होतं. मी तीन ओळी लिहून पाठवल्या. या बाई समोरच्याशी नीट बोलतात. विनोदाला बरोबर हसतात. मधली सुट्टीभर मोबाइलवर आईशी गप्पा मारतात. तिन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

फेरतपासणीचं पत्र आलं तेव्हा तिनं मलाच विचारलं, सोबत याल का. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

रुग्णालयाच्या बाकावर ती म्हणाली, "ताई, माझं नाव पुकारलं की हाताला धरा. शिपायानं मास्क लावलाय, मला कळायचं नाही."

मग मोबाइलवर कसं कळतं, मी विचारलं. ती आईशी व्हिडिओ कॉलवरच बोलायची, तोंड बघून. लहानपणी तापात कान गेले होते. पोरीचं लग्न जमणार नाही या धास्तीनं आईनंच तिला ओठ वाचायला शिकवलं आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली. मास्कमुळे ओठ दिसेनासे झाले तेव्हा कुठं तिनं गुपचूप प्रमाणपत्र काढलं. ऐकायचं यंत्र पर्सच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं होतं. वर्गाच्या गोंगाटात त्यानं तिचं डोकं उठायचं.

आत डॉक्टर समोर बसून शांतपणे विचारत होते. गाव कुठलं, कोणती इयत्ता शिकवता, घरी कोण कोण. ती हुशार विद्यार्थिनीसारखी पटापट उत्तरं देत होती. जन्मभर जे लपवलं ते आज लपवायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलंच नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला तर सगळं ऐकू येतंय."

प्रमाणपत्र गेलं तर निलंबन, चौकशी, कदाचित नोकरीच. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडेल असं वाटत होतं. शेवटी मी म्हणाले, "डॉक्टर, तोंडासमोर कागद धरून विचारा."

त्यांनी कागद धरला. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. तिची नजर कागदावरून निसटून माझ्याकडे आली.

मग जिथं उत्तर द्यावं लागत नाही अशा यंत्रावर तिची तपासणी झाली. महिन्याभरानं निकाल तिच्या बाजूनं लागला. तोवर यजमान गेले होते.

खोटी प्रमाणपत्रं असतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्याची जागा जाते. लोकांनी कळवूच नये, असं मला आजही म्हणवत नाही. पण ती जागा मला हवी होती, हे माझ्या तीन ओळींत कुठंच नव्हतं. आणि हाकेला तू का वळत नाहीस, हे आठ वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर ती भेटायला आली. माझं तोंड नीट दिसेल अशी समोर बसली. निकालाचं सांगितलं, मग म्हणाली, "तक्रार कुणी केली ते मी शोधत नाही, ताई. पण एकदा समोर येऊन बोलावं की."

मला रडू फुटलं. मी पदर तोंडाला लावला आणि पदराआडून म्हणाले, "मीच केली." हळू म्हणायला हवं होतं. स्वयंपाकघरात नणंद भांडी घासत होती. तो आवाज थांबला.

"पदर काढा की, ताई. काय म्हणताय कळत नाही."

मी पदर खाली घेतला. ओठ सावकाश हलवत म्हणाले, "चहा टाकते."

नणंद त्याच आठवड्यात मंगळवेढ्याला परत गेली. जाताना काही बोलली नाही. माझी सहकारी मात्र दर रविवारी कडी वाजवते, शेंगाचटणी आणते, माझ्या तोंडाकडे बघत बसते. नणंदेला ती फार आवडली. रविवारी माझ्या मोबाइलवर तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना नणंद मुद्दाम सावकाश बोलते, एकेक शब्द तोंड उघडून. दिवाळीला पुन्हा येते म्हणाली आहे.