आबांसमोर कोणता कॅमेरा

मी बॅगेतून कॅमेरा बाहेर काढला आणि आबा उठून घरात गेले. तोवर मस्त गप्पा चालल्या होत्या. मोसंबीला यंदा भाव आहे का, माझं माहेर कुठलं, बाईमाणूस एवढी जड बॅग कशी उचलते, सगळं विचारून झालं होतं. कॅमेरा दिसला आणि माणूस गायब.

"आता बघा मॅडम," त्यांची मुलगी सविता म्हणाली. "माझे आबा आत गेलेत. बाहेर येतील ते आधार कार्डावरचे."

तसंच झालं. दार उघडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, कोरं धोतर, डोक्याला लाल फेटा. आबा अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर सरळ लेन्समध्ये. चेहऱ्यावरची एक रेष हलेना.

"घ्या," म्हणाले.

मी सिडकोत फोटो स्टुडिओ चालवते. लग्नं, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग ही कामं असतातच, पण रोजची भाजीभाकरी म्हणजे पासपोर्ट फोटो. सविता तशीच आली होती. शहरातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिला जर्मनीत नोकरी लागली होती आणि व्हिसासाठी फोटो हवा होता. व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं, दात तर दिसायचेच नाहीत. मी नेहमीप्रमाणे सांगितलं, "हसू नका." तर ही हसायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, हा नियम आमच्या आबांनी केलेला दिसतोय." आणि मग तिचे डोळे भरून आले. मी दिवे बंद केले आणि चहा सांगितला.

तिचे वडील पाचोडजवळच्या एका वस्तीवर राहतात. मेंढ्या आहेत. आई ती लहान असतानाच गेली. भाऊ-बहीण कोणी नाही. आबांचे जेवढे फोटो होते तेवढे सगळे कुठल्या ना कुठल्या कार्डासाठी काढलेले, आणि सगळ्यांत आबा अटकेतल्या माणसासारखे. व्हिडिओ कॉल करावा तर आबा फोन कानाला लावतात. "मला आख्खा वेळ त्यांचा कान दिसतो," ती म्हणाली. "तिकडं गेले की कधी येणं होईल माहीत नाही. मला त्यांचा एक हसरा फोटो पाहिजे. घरी हसतात तसा. तेवढा काढून द्या."

तिचं विमान जवळ आलं होतं. मी हो म्हणाले. मला वाटलं, यात काय अवघड आहे.

मी माझा चांगला कॅमेरा घेतला. फुल-फ्रेम मिररलेस. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. कॅमेऱ्याच्या पोटात एक चकचकीत काच असते, तिच्यावर उजेड पडून फोटो बनतो. तिला सेन्सर म्हणतात. फुल-फ्रेम म्हणजे हा सेन्सर जुन्या फिल्मच्या एका चौकटीएवढा मोठा. मोठा सेन्सर म्हणजे जास्त उजेड, जास्त बारकावे, आणि फोटो भिंतीएवढा केला तरी फाटत नाही. मिररलेस म्हणजे आत आरसा नाही. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढं एक आरसा असायचा, फोटो काढताना तो खटकन वर जायचा. आता तो गेला, त्यामुळे आवाजही गेला. समोरच्याला कळतसुद्धा नाही फोटो कधी निघाला.

हे सगळं पुस्तकात. पाचोडात आबांना कळत होतं.

मी गप्पा मारत फोटो काढायचा प्रयत्न केला. कॅमेरा डोळ्याला लावला की आबांचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबायचं, मी खाली घेतला की तिथूनच पुढं सुरू. सवितानं त्यांना त्यांच्याच एका बोकडाची आठवण करून दिली, ज्यानं म्हणे सरपंचाच्या गाडीला धडक दिली होती. आबांनी अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "व्हय. दिली व्हती." मी त्यांना बसवलं, ते ताठ बसले. मी त्यांना चालायला सांगितलं, ते झेंडावंदनाला निघाल्यासारखे चालले. शेवटी मीच वैतागून म्हणाले, "आबा, जरा हसा की."

"फोटूत कामून हसायचं?" आबांनी विचारलं. त्यांना खरंच पडलेला प्रश्न होता तो.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. आपल्याकडे त्यांच्या वयाच्या माणसाला कॅमेरा भेटतो तो सरकारी कामात, नाहीतर भिंतीवर हार घालायच्या तयारीत. दोन्ही ठिकाणी हसून कसं चालेल? शिवाय मोठा कॅमेरा घेऊन शहरातून कोणी आलंय, म्हणजे मान झाला. मानाला मानानंच उभं राहायचं. लग्नांमध्ये मी हे रोज बघते. लांबलचक लेन्स दिसली की वरबाप पोट आत घेतो.

मी दुसरा डाव टाकला. सविताला म्हणाले, फोटो झाले असं सांगून टाक. आबांना मेंढ्यांकडं जाऊ दे. मी लांबची लेन्स लावते आणि मोसंबीच्या झाडाआडून काढते. आबांनी माझ्यासाठी अंगणात घोंगडी अंथरली होती. त्यावर बसून मी जवळची लेन्स काढली, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि लांबची लेन्स काढायला बॅगेत वाकले.

आता इथं त्या नसलेल्या आरशाची गोष्ट येते. आरसा नाही म्हणजे लेन्स काढल्यावर सेन्सर उघडा पडतो. माझ्या कॅमेऱ्यात त्याच्यापुढं पडदाही नाही. त्यामुळे लेन्स बदलताना आम्ही कॅमेऱ्याचं तोंड खाली धरतो, वाऱ्याकडं पाठ करतो, श्वाससुद्धा बेतानं घेतो. मी त्या दिवशी कॅमेरा आकाशाकडं तोंड करून मांडीवर ठेवला होता, का तर घाई.

आबांनी मघाशी म्हटलं होतं, यंत्र नवं दिसतंय. मी म्हणाले होते, हो, याच दिवाळीला घेतलं. ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. फोटो झाले असं सवितानं सांगितल्यावर ते घरात गेले आणि देव्हाऱ्यातून चिमूटभर भंडारा घेऊन आले. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. धनगराच्या घरी नवं काही आलं, मोटरसायकल असो नाहीतर नवं जनावर, त्याला भंडारा लागतो. आबांनी आधी माझ्या कपाळाला लावला. मी भक्तिभावानं मान वाकवली. आणि उरलेला कॅमेऱ्याला लावला. बरोब्बर मधोमध.

"येळकोट येळकोट जय मल्हार," आबा म्हणाले. "लई बरकत यील बगा."

मी सेन्सरकडं बघितलं. पिवळाधमक झाला होता. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. पण माझ्या समोर एक माणूस मनापासून माझ्या यंत्राचं भलं मागत होता, त्याला काय बोलणार? मी म्हणाले, "तुमचा आशीर्वाद आहे, आबा." कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि बॅगेत ठेवला. सविताला सगळं कळलं होतं. तिनं तोंडावर ओढणी धरली होती. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही. आबांना काही कळलं नाही आणि आम्ही दोघींनी कळू दिलं नाही.

दिवसाचं काम संपलं होतं. मी पर्समधून माझा छोटा कॅमेरा काढला, नुसताच, काहीतरी हातात हवं म्हणून. हा कॉम्पॅक्ट. साबणाच्या वडीएवढा, लेन्स कायमची चिकटवलेली, सेन्सर नखाएवढा. लग्नाच्या आदल्या दिवशी लॉन्सवर जाऊन उजेड कुठून येतो ते बघायला मी तो ठेवते. मोबाईलवर ते जमलं असतं, पण मोबाईलवर नवरीच्या मामांचे फोन येत राहतात.

आबांनी त्याच्याकडं बघून विचारलं, "ह्ये काय?"

"असंच," मी म्हणाले. "खेळणं."

आबांना पटलं. त्यांच्या दृष्टीनं फोटो झाले होते, मानपान झाला होता, भंडारा लागला होता. त्यांनी गळ्याचं बटण काढलं. फेटा सैल केला, त्याचं एक टोक पाठीवर सोडलं आणि मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणात शिरले. मी मागोमाग गेले. मेंढ्यांत उभ्या असलेल्या माझ्याकडं त्यांनी पुन्हा वळूनही बघितलं नाही. एक नुकतंच जन्मलेलं कोकरू त्यांच्या मागं लागलं, आणि आबा खाली वाकल्याबरोबर त्यानं फेट्याचं टोक तोंडात धरलं. आबा ओढतायत, कोकरू सोडत नाही, आणि आख्खा फेटा उलगडत चाललाय. आबा हसायला लागले. समोरचे दोन दात नव्हते. हसताना डोळे पूर्ण मिटत होते. कोकराला शिव्या देत होते, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण तेवढ्या प्रेमाच्या शिव्या मी कुठं ऐकल्या नाहीत.

मी काढत राहिले. माझेही डोळे ओले झाले असावेत, कारण छोट्या पडद्यावर नीट दिसेना.

घरी येऊन मी आधी तो पिवळा सेन्सर साफ केला. आधी हवेचा पंप, मग औषध लावलेली पट्टी, मग पुन्हा पंप. जीव मुठीत धरून. निघाला सगळा. मेमरी कार्डावरचे सकाळचे फोटो शाबूत होते. दोन्ही कॅमेऱ्यांमधले निवडक फोटो लावून मी सविताला स्टुडिओत बोलावलं.

कोकराचा फोटो मी मुद्दाम आधी दाखवला. ती खूप हसली. परत परत बघितला. मी मनात म्हणाले, झालं काम. मग शिष्टाचार म्हणून सकाळचे दाखवले. अंगणातले, ताठ उभे असलेले. ती एका फोटोपाशी थांबली. मी मोठा करून दाखवला. शर्टाची घडी न् घडी दिसत होती, दाढी करताना हनुवटीला बारीक खरचटलेलंही.

तिनं पडद्यावर त्या खरचटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"मी होस्टेलला होते," मग म्हणाली. "आबा मेंढ्या घेऊन कुठं कुठं फिरायचे, त्यांच्यासंगं शाळा कशी होणार? रविवारी भेटायला यायचे. गेटवर असेच उभे राहायचे. असाच शर्ट, असंच बटण. मला लाज वाटायची मॅडम. मैत्रिणी हसायच्या. मी म्हणायचे, आबा, जरा नीट उभे राहा की, सगळ्यांच्या बापासारखे."

मी कोकराचा फोटो शेजारी लावला.

"ते हसरे आबा मेंढरांसंगचे आहेत," ती म्हणाली. "हे माझ्यासंगचे. हा द्या. मोठा करून द्या."

मी मोठा करून दिला. मोठा झाला, कारण मोठ्या सेन्सरचा होता. तो गुंडाळी करून जर्मनीला गेला. हसरा फोटो आबांना पाठवला. त्यांचा निरोप आला, कोकरू लई ग्वाड आलंय.

स्टुडिओत येणारे मला विचारतात, खिशातला घेऊ की फुल-फ्रेम? पूर्वी मी सेन्सर समजावून सांगायला बसायचे. आता आधी विचारते, फोटो कोणाचा काढणार आहात? खिशातल्या कॅमेऱ्यासमोर माणूस आपल्या नादात असतो. मोठ्यासमोर तो तुमच्यासाठी उभा राहतो. घरच्यांना यातलं काय हवंय ते त्यांनाही फोटो बघेपर्यंत माहीत नसतं, म्हणून मी दोन्ही नेते.

आणि मिररलेस घेणाऱ्यांना एवढंच सांगते, लेन्स काढली की आधी झाकण लावा. आशीर्वाद नंतर घ्या.