शालिग्रामने पिऊन दाखवलेला डबा

नांदुऱ्याच्या स्टेशनरोडवर शालिग्राम जुमड्यांचं जुन्या डब्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे आणि आत माणसाला धड बसता येऊ नये इतके डबे. तेलाचे, रॉकेलचे, वनस्पती तुपाचे, बिस्किटांचे. त्याच्या मागच्या खोलीत मी चौसष्ट साली भाड्यानं राहायला आले. गावातल्या शाळेत नेमणूक झाली होती, आणि एकट्या बाईमाणसाला खोली द्यायला बाकी कोणी तयार नव्हतं.

पहिल्या महिन्यातच मी त्याच्याशी भांडले. वह्या तपासायला बसावं तर यांची सकाळपासून ठोकठोक. मी तरातरा पुढे गेले आणि हे बंद करा म्हणून सांगितलं. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुमी पोरं ठोकता, मी डबे ठोकतो. दोघायलेही आकार यावा, एवढंच." मी मुलांना मारत होते ते खरंच होतं, त्यामुळे परत आले. पुढे मी त्याला भाऊ म्हणायला लागले आणि त्या ठोकठोकीचं काहीच वाटेनासं झालं.

जातीनं तो माळी. गावाच्या कडेला बापाचा भाजीपाल्याचा मळा होता. त्या मळ्यात खत पडायचं ते गावच्या उकिरड्याचं. बैलगाड्या भरभरून आणायचे आणि वाफ्यांत पसरायचे. शेण, राख, साली, चिंध्या, सगळं वर्षभरात मातीत मिसळून जायचं. मग कधीतरी त्या खतात पत्र्याची झाकणं यायला लागली, फुटके डबे यायला लागले. वांग्याच्या वाफ्यात खुरपं घातलं की खडकन वाजायचं. तीन वर्षांपूर्वी पडलेलं झाकण तसंच्या तसं निघायचं आणि बोट कापायचं. शालिग्राम ते वेचून बांधावर रचायचा. कोणी आलं, एक डबा मागून नेला. कोणी म्हटलं, याला कडी लावून दे. तो कडी लावायला शिकला, कथलाचा डाग देऊन सांधे जोडायला शिकला, आणि भावाभावांत मळ्याचे तुकडे झाल्यावर तोच त्याचा धंदा झाला.

त्या डब्यांतून काय काय निघायचं. बादल्या, पायल्या, रॉकेलच्या चिमण्या, किसण्या, चाळण्या, धान्याच्या कोठ्या. अगदीच सडलेला पत्रा असला तर तो कुडाच्या भोकावर ठोकायला जायचा. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. मलाही तो नंतर पाठ्यपुस्तकात शिकवावा लागला. पण त्या वर्षांत स्टेशनरोडच्या नाल्यात डबा पडलेला मी पाहिला नाही, आणि माळ्यांच्या खतात पत्रा येणं जवळजवळ थांबलं होतं. एवढं एका माणसानं केलं होतं, आणि नगरपालिकेला त्याची खबरही नव्हती.

त्याची काम करायची एक रीत होती. डबा आला की आधी त्यात नाक घालायचं आणि आत काय होतं ते ओळखायचं. मग राखेनं घासणं, चिंचेचं पाणी उकळून ओतणं, ताकाची निवळी घालून उन्हात ठेवणं. शेवटी त्यात स्वच्छ पाणी भरून दिवसभर राहू द्यायचं आणि गिऱ्हाईक आलं की त्यातलंच तांब्याभर पाणी त्याच्या देखत स्वतः प्यायचं. तसं केल्याशिवाय तो डबा हातातून सोडत नसे. मोताळ्यापर्यंतच्या बायका सांगायच्या, शालिग्रामनं पिऊन दाखवलेला डबा आहे, डोळे झाकून घ्या. मी चेष्टा करायचे की भाऊ, एवढं पाणी पिऊन तुमच्या पोटात गंज चढेल. त्याची बायको सरस्वतीबाई म्हणायची, चढलाच आहे, म्हणून तर दुसरं काही सुचत नाही यांना.

मग कपाशीवर फवारायचं औषध आलं. ते ज्या डब्यांत यायचं ते डबे फार देखणे. जाड पत्रा, फिरकीचं झाकण, वर तांबडा रंग. औषध संपलं की लोक डबा बांधावर टाकायचे, नाल्यात टाकायचे, एकानं तर विहिरीतच धुतला आणि मासोळ्या वर आल्या. शालिग्राम ते डबे गोळा करायला लागला. कामासाठी नाही. ते पाण्यात पडू नयेत म्हणून.

एकदा तो एक डबा घेऊन माझ्याकडे आला. त्यावर इंग्रजीत बारीक लिहिलेलं होतं. मी वाचून सांगितलं की रिकामा डबा कशालाही वापरू नका, तो फोडा आणि जमिनीत खोल पुरा.

"भुईत पुरा?" तो म्हणाला.

"असंच लिहिलंय."

"मंग लिवनाराले वावर नसंन," तो म्हणाला आणि डबा उचलून निघून गेला.

मी हसले. आज त्या हसण्याची मला लाज वाटते. मी वाचून दाखवलं, पण समजावून सांगितलं नाही, कारण मलाही समजलेलं नव्हतं. वर्गात मी मुलांना अशीच इंग्रजी वाक्यं वाचून दाखवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे.

ते तांबडे डबे त्यानं मागच्या आवारात, माझ्या न्हाणीच्या भिंतीला लावून रचले. विकायचे नाहीत, पुरायचे नाहीत, फेकायचे नाहीत. लोकांना कळलं की हा घेतो, तर ते आणूनच टाकायला लागले. रास माझ्या खिडकीला लागली. मी कुरकुर केली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं की बाई, यांना दुसरी कोणती जागा आहे ते सांगा, उद्या तिथं नेऊन ठेवतो. मी खिडकी लावून घेतली.

बाहत्तर साली पाणी गेलं. विहिरी आटल्या, टँकर येऊ लागला. टँकर आला की जेवढी भांडी तेवढं पाणी. माणसं डब्यांसाठी शालिग्रामच्या दारात रांगा लावायला लागली. पंधरा दिवसांत त्याचं दुकान रिकामं झालं, आत पहिल्यांदाच माणूस आडवा पडेल इतकी जागा दिसली. आणि मागे ती तांबडी रास तशीच उभी. लोकांना ती दिसत होती. लहान पोरं घरी तहानलेली ठेवून आलेल्या बाया त्या राशीकडे बघत उभ्या राहायच्या.

तो आठ दिवस थांबला. मग त्यातले पाच चांगले डबे काढले. धुवायला पुरेसं पाणी नव्हतं तर कोरड्या राखेनं घासले, चुना लावला, चिंच उकळली, सात वेळा हे केलं. वास गेला. मग त्या पाचांत पाणी भरलं आणि पाळीपाळीनं आठ दिवस स्वतः तेच पाणी प्यायला. सरस्वतीबाई रोज सकाळी त्याचे डोळे बघायची. त्याला काही झालं नाही. नवव्या दिवशी त्यानं ते डबे फुकट वाटले, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशांना.

त्यातला एक कोकिळेला गेला. ती खडी फोडायला जायची, नवरा आजारी, साडेतीन वर्षांची पोरगी रुख्मी. आणि एक अर्जुनराव नावाच्या शेतमजुराला, जो आठवड्याभरात बायकापोरांसह कामाच्या शोधात भुसावळकडच्या गाडीत बसला.

कोकिळेनं महिनाभर त्यात पाणीच ठेवलं. मग धामणगाव बढ्याहून तिचा भाऊ आला. माहेरची आठवण म्हणून त्यानं तीन शेर जवसाचं तेल आणलं होतं. मडकं पाझरायचं, म्हणून पाणी मडक्यात गेलं आणि तेल डब्यात. झाकण घट्ट बसायचं ना. पोरीला भाकरीवर चटणी आणि वर तेलाची धार फार आवडायची. दहाव्या-बाराव्या दिवशी दुपारी तिला झटके यायला लागले. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपली. कोकिळा स्वतः दोन दिवस बेशुद्ध होती. नवरा नुसत्या पेजेवर होता, म्हणून वाचला.

डॉक्टरनं तेलाचा डबा मागवून पाहिला. शालिग्राम तिथं गेला होता, मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होता आणि चिडलेला होता. त्यानं सांगितलं की हे औषध पाण्यात फारसं उतरत नाही, तेलात उतरतं. डब्याच्या सांध्यात राहिलं असणार, तुम्ही वर्षभर पाणी प्यायला असतात तरी कळलं नसतं. शालिग्राम ते उभ्यानं ऐकत होता. त्याच्या पंचवीस वर्षांच्या रीतीत तेलाचा विचार नव्हता. डब्याची परीक्षा पाण्यानंच घ्यायची, असं तो आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो.

कोकिळा शुद्धीवर आल्यावर तो तिच्या खाटेजवळ गेला. मला वाटलं ती शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटलं.

"भाऊ, तुमी पेले होते ना त्याच्यातलं?" तिनं विचारलं.

"हो. पेलो होतो."

"मंग?"

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिथून निघाला तो थेट बाकीचे डबे परत आणायला. तीन घरं गावातच होती. पण लोक डबा देईनात. आम्ही तेल नाही ठेवत, म्हणायचे, आणि पाणी कशात भरू ते सांग. खरंच होतं ते. तेव्हा त्यानं घरातली पितळेची घागर उचलली आणि पहिल्या घरी दिली. दुसऱ्या घरी तांब्याचा हंडा. तिसऱ्या घरी सरस्वतीबाईच्या माहेरची पाण्याची गुंडी. सरस्वतीबाई दारात उभी राहून बघत होती. कोकिळेच्या घरचा धरून चार डबे परत आले. ते त्यानं पुन्हा त्याच राशीत ठेवले, कारण दुसरीकडे कुठं ठेवणार.

पाचवा डबा अर्जुनरावाबरोबर गेला होता. शालिग्रामनं दुकान बंदच केलं. रोज भुसावळकडची गाडी यायच्या वेळी तो स्टेशनावर जायचा, उतरणाऱ्यांना अर्जुनरावाचा ठावठिकाणा विचारायचा. मी त्याच्यासाठी पत्रं लिहिली, त्या बाजूच्या सहा-सात गावच्या पोलीस पाटलांना. अर्जुनराव तिथं आला असेल तर त्याला सांगा, त्या डब्यात तेल ठेवू नका, एवढाच मजकूर. एकाचंही उत्तर आलं नाही. लोक म्हणायला लागले की पोरीच्या मरणानं याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. त्याचं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा जाग्यावर होतं, म्हणून तर त्याला झोप येत नव्हती.

पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला आणि दिवाळीच्या आधी अर्जुनराव परत आला. शालिग्राम त्या दिवशी तापानं घरी होता, स्टेशनावर गेला नव्हता. अर्जुनराव आपणहून भेटायला आला. मी ओट्यावर बसले होते. बायको बरोबर होती, तिन्ही पोरं धडधाकट होती. शालिग्राम अंथरुणातून उठून बाहेर आला आणि त्या पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवत राहिला. वर्षभरात मी त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. मग त्यानं डबा मागितला.

"तो तं भुसावळलेच देला," अर्जुनराव म्हणाला. "ठेसनाबाहेर जुने डबे घेनारा बसते एक, त्याले. निघताना ओझं नको म्हून."

"त्यानं घेतला?"

"आधी नाही म्हने, औषधाचा दिसते. मी तुमचं नाव सांगतलं. म्हनलं, नांदुऱ्याच्या शालिग्रामभाऊनं पेऊन दाखवला हाये. मंग घेतला. माह्या समोरच एका बाईनं नेला तो."

"कोन बाई?"

अर्जुनराव हसला. त्याला काय माहीत असणार. शालिग्राम तापातच ओट्याखालच्या चपला पायात सरकवायला लागला. अर्जुनरावानं माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं, बाई? मी काई चुकीचं केलं का?"

मी नाही म्हटलं. त्यानं खरंच काही चुकीचं केलं नव्हतं.